पट्टीवर न आलेला धूर

हंगाम संपत आला की तासगाव-मिरज भागातले द्राक्ष बागायतदार कुठल्या ना कुठल्या निमित्ताने एकत्र बसतात आणि चर्चा हटकून दरावर येते. अशाच एका बैठकीत ती या वेळी जहाजांच्या धुरावर आली. युरोपला जाणाऱ्या कंटेनरच्या भाडेबिलात ‘उत्सर्जन अधिभार’ नावाची एक नवी ओळ दिसू लागल्याचे कोणीतरी सांगितले आणि बघता बघता सभागृहात दोन तट पडले. एका तरुणाने मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला: जगातली सोळा मोठी जहाजे जगातल्या सगळ्या मोटारींइतके प्रदूषण करतात, तेव्हा हा अधिभार कमीच म्हणायचा. त्यावर एका ज्येष्ठ बागायतदारांनी उठून सांगितले की हा सगळा गोऱ्यांचा कावा आहे. दोनशे वर्षे कोळसा त्यांनी जाळला आणि आता भुर्दंड आमच्या द्राक्षावर. टाळ्या अर्थातच त्यांना अधिक पडल्या. मला मात्र दोघांचेही म्हणणे पटले नाही. पहिल्याचा आकडा अर्धवट होता आणि दुसऱ्याचा राग चुकीच्या दारात जाऊन उभा राहिला होता. माझे मत आधीच सांगून टाकतो. जहाजांच्या धुरावर नियमन हवेच, त्याला पैसे पडणारच, आणि ते पैसे मालाच्या भाड्यात उघडपणे दिसलेच पाहिजेत. भांडायचे असेल तर ती रक्कम शेवटी कोणाच्या पट्टीवर, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदावर, पडते आणि गोळा झालेला पैसा कोणत्या तिजोरीत जातो, यावर भांडले पाहिजे.

सोळा जहाजांचा दाखला २००९ पासून फिरतो आहे आणि तो एका विशिष्ट अर्थाने खरा होता, म्हणूनच तो इतका चिवट ठरला. तो अर्थ म्हणजे गंधक, केवळ गंधकाची ऑक्साइडे. मोटारींच्या इंधनातून गंधक जवळजवळ काढून टाकलेले असते. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये ते दहा लाख भागांत फार तर १० भाग असते. जहाजांच्या जड तेलात त्या काळी साडेचार टक्के, म्हणजे दहा लाखांत ४५,००० भागांपर्यंत गंधकाला परवानगी होती. शून्याच्या जवळ गेलेल्या संख्येशी तुलना केली की कोणतीही संख्या अक्राळविक्राळ दिसते. कार्बन डायऑक्साइडचा हिशेब केला तर हे चित्र पार बदलते. २०१८ साली जगभरच्या जहाजांनी मिळून सुमारे १०८ कोटी टन हरितगृह वायू सोडले, म्हणजे मानवी उत्सर्जनाच्या तीन टक्क्यांहून किंचित कमी. रस्त्यावरच्या वाहनांचा वाटा याच्या कितीतरी पट आहे. शिवाय टनामागे आणि किलोमीटरमागे पाहिले तर समुद्रमार्ग हा मालवाहतुकीचा सर्वांत काटकसरीचा मार्ग आहे, हे मान्य न करता जहाजांवर तुटून पडणारा माणूस आपलीच बाजू लंगडी करतो. जहाजांवरचा आरोप ती अकार्यक्षम असल्याचा नाहीच. अत्यंत घाण इंधन जाळूनही त्यांना दीर्घकाळ कोणी हिशेब विचारला नाही, हा आरोप आहे.

हे इंधन म्हणजे काय, ते साखरपट्ट्यातल्या माणसाला सांगणे सोपे आहे. उसाच्या रसातून साखर काढून घेतल्यावर मळी उरते, तसे खनिज तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर जो काळा, डांबरासारखा गाळ उरतो तो हे जड तेल. ते इतके घट्ट असते की तापवल्याशिवाय नळीतून वाहत नाही. आणि त्याच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड काय करतो हे ज्यांना समजावून सांगायची गरज नाही असा महाराष्ट्रातला एखादा टापू असेल तर तो तासगावचा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढलेली द्राक्षे जाळ्यांवर वाळत घालायची आणि बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी द्यायची, हे इथल्या शेडवर वर्षानुवर्षे चालते. धुरी दिलेल्या रॅकवरचा कागद सकाळी उचलला की पहिल्याच श्वासाला घसा आवळतो. कामावरच्या बाया पदर नाकाला लावून चार पावले मागे सरतात आणि वारा सुटेपर्यंत थांबतात. आता हिशेब करा. दिवसाला १०० टन तेल जाळणारे एक मोठे कंटेनर जहाज घेतले, तर २०१२ ते २०१९ मधल्या साडेतीन टक्क्यांच्या मर्यादेत त्या तेलात साडेतीन टन गंधक असे आणि जळून त्याचा सात टन सल्फर डायऑक्साइड होई. रोज! तेवढ्याच डिझेलमध्ये आज गंधक असते एक किलो.

१ जानेवारी २०२० पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ही मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली. उत्तर समुद्र, बाल्टिक, उत्तर अमेरिकेचा किनारा अशा ठरावीक पट्ट्यांत ती २०१५ पासूनच ०.१० टक्के होती. मे २०२५ पासून भूमध्य समुद्रही त्यांत आला. २०२० चा नियम लागू होण्यापूर्वी, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने असा अंदाज बांधला होता की जुनेच इंधन चालू राहिले तर जहाजांच्या धुरामुळे वर्षाला सुमारे चार लाख अकाली मृत्यू होतील आणि मुलांमध्ये दम्याचे १ कोटी ४० लाख रुग्ण होतील. स्वच्छ इंधनानेही मृत्यूंचा आकडा अडीच लाखांच्या आसपासच राहील. जहाजांचे बहुतांश उत्सर्जन किनाऱ्यापासून ४०० किलोमीटरच्या आत होते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘भर समुद्रातल्या धुराचे कोणाला काय?’ हा प्रश्न उरत नाही. या धुराने दगावणारी माणसे बंदरांच्या आसपास राहणारी आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी आशियातली आहेत. जहाजांच्या धुराचा खर्च अधिभारासोबत उगवला, असे म्हणणाऱ्यांनी एवढे सांगावे की त्याआधी तो कोण भरत होते?

हा खर्च इतकी वर्षे कोणाच्याच वहीत का आला नाही, याचे कारण सागरी व्यापाराच्या रचनेत आहे. जहाज जपानी किंवा ग्रीक मालकाचे, झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा, खलाशी फिलिपिन्सचे किंवा आपल्या कोकणातले, आणि माल भलत्याचाच. १९९७ च्या क्योटो हवामान कराराने या धुराची जबाबदारी देशांवर न टाकता सागरी संघटनेकडे सोपवली; पॅरिस करारानंतरही आंतरराष्ट्रीय जहाजांचे उत्सर्जन कोणत्याच देशाच्या एकूण आकड्यात धरले जात नाही. त्यांच्या इंधनावर जगभरात जवळजवळ कर नाही. याच्या शेजारी आपला ट्रक उभा करून पाहा. तासगावच्या पॅकहाउसमधून निघालेला रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर कराड, सातारा, खंबाटकी करत न्हावा-शेवा बंदराला पोचतो, तेव्हा त्या ट्रकच्या डिझेलच्या प्रत्येक लिटरवर उत्पादन शुल्क आणि व्हॅट भरलेला असतो, आणि पीयूसीचा कागद जवळ नसेल तर चालकाचा खिसा वेगळा हलका होतो. साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटरच्या या प्रवासाला कागद लागतात. त्याच कंटेनरच्या पुढच्या दहा-बारा हजार किलोमीटरना मात्र कालपरवापर्यंत कोणी काही विचारत नव्हते. ही सवलत आपल्याला मिळत होती असे वाटत असेल, तर भारताच्या परदेशी व्यापारातला फार छोटा हिस्सा भारतीय झेंड्याच्या जहाजांतून जातो, हे विसरून चालणार नाही.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. तो असा की जहाज कंपनी अधिभार निर्यातदारावर ढकलते, निर्यातदार बागायतदारावर, आणि बागायतदाराला मात्र तो पुढे ढकलायला कोणी नाही. हे शंभर टक्के खरे आहे. युरोपातला खरेदीदार दर ठरवतो, मधले सगळे आपापला खर्च वजा करतात आणि उरेल ते पट्टीवर येते. म्हणून मी रक्कम काढून पाहिली, आणि तीही मुद्दाम चढी. एका चाळीस फुटी रीफरमध्ये साधारण १३ टन द्राक्षे बसतात. शीतकरणाची वीज धरून न्हावा-शेवा ते रॉटरडॅमपर्यंत त्या एका कंटेनरच्या वाट्याला चार टन कार्बन डायऑक्साइड येतो असे समजू. बहुतेक वेळा तो याहून कमी भरेल. त्यातल्या प्रत्येक टनावर १०० डॉलर आकारले तर ४०० डॉलर, म्हणजे ३५ हजार रुपये, आणि किलोमागे पावणेतीन रुपये होतात. युरोपातल्या दुकानदाराच्या हिशेबात ही रक्कम कुठे लपते ते कळणारसुद्धा नाही. दहा टन माल देणाऱ्या एकरावर मात्र ते २७ हजार रुपये होतात आणि एवढ्यात छाटणीनंतरच्या कितीतरी फवारण्या निघतात. ही रक्कम क्षुल्लक आहे असे शेतकऱ्याला सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

परंतु रक्कम मोठी असणे आणि नियम वाईट असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये चाळीस फुटी कंटेनरचे जागतिक सरासरी भाडे १० हजार डॉलरच्या वर गेले. २०१९ साली ते दीड हजारांच्याही आत होते. त्या वाढीत पर्यावरणाचा एक पैसा नव्हता. जहाज कंपन्यांनी त्या काळात इतिहासात कधी कमावला नव्हता एवढा नफा कमावला आणि आपल्याकडे कोणी सभा घेतली नाही. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडे कित्येक पटींनी चढले आणि २०२४ च्या हंगामातला माल पोचेपर्यंत देठ तपकिरी पडू लागले. तेही आपण सोसले, नशिबाला बोल लावून. मग भाड्यात सहा-सात हजार डॉलरचा झोका बसला तर तो बाजार, आणि शंभर-दोनशे डॉलरचा अधिभार लागला तर तो कावा, हा कोणता न्याय? मला वाटते अधिभार डाचतो तो त्याच्या आकारामुळे नाही. त्याला नाव आहे आणि तो लादणारा समोर दिसतो, म्हणून तो डाचतो.

नियमाने व्यापार बुडेल, ही ओरडही जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुनाट जहाजे विम्याच्या भरवशावर गळ्यापर्यंत भरून समुद्रात सोडली जात. ती बुडाली तर मालकाला विमा मिळे आणि खलाशांच्या घरी फक्त बातमी. सॅम्युअल प्लिम्सॉल या खासदाराने जहाजाच्या कडेला भाररेषा, म्हणजे माल भरल्यावर ते पाण्यात कुठवर बुडावे याची रेघ, मारण्याची सक्ती करा असा आग्रह धरला, तेव्हा मालकांनी हेच सांगितले की भाडे वाढेल आणि परदेशी जहाजे आपला धंदा पळवतील. १८७६ चा कायदा झाला तोही इतका पातळ केलेला की रेघ मारायची सक्ती, पण ती कुठे मारायची हे मालकानेच ठरवायचे! कायद्याने तिची जागा निश्चित व्हायला १८९० उजाडले. ब्रिटिश व्यापार काही बुडाला नाही. आज न्हावा-शेव्याच्या धक्क्याला लागणाऱ्या प्रत्येक मालवाहू जहाजाच्या कडेला ती खूण असते आणि तिच्यामुळे भाडे महाग झाले असे म्हणताना कोणी आढळत नाही. खरे तर रेघ नसताना जहाज स्वस्त वाटत होते, कारण त्याची उरलेली किंमत खलाशी चुकवत होते.

एवढ्या लांब जायलाही नको. २०१० साली आपल्या द्राक्षांत वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागेत ज्याला सगळे लिहोसीन म्हणतात त्याचे अंश सापडले आणि युरोपात कंटेनर अडकले. तेव्हाही आपण हेच शब्द वापरले होते: कावा, अडवणूक, गोऱ्यांचे नखरे. त्यात काही प्रमाणात तथ्यही होते, कारण तपासण्याच्या यादीत ते रसायन आधी नव्हतेच आणि नियमाचा दंडुका हंगामाच्या मध्यावर बसला. कितीतरी बागायतदार त्या वर्षी कर्जात गेले. पण पुढे काय झाले? यादी वाढली, पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली नमुन्यांची तपासणी कडक झाली, ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या बागांच्या सरकारी संगणकीय नोंदवहीत, बागेची नोंद युरोपच्या मालाला आधीपासून लागत होतीच, आणि आज तीच नोंद दाखवून आपण दर मागतो. नियमाने आपल्याला मारले नाही. तो ठरताना आपण टेबलाशी नव्हतो, त्याने मारले.

म्हणूनच मला युरोपच्या अधिभाराविरुद्धचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर वाटतो. १ जानेवारी २०२४ पासून युरोपीय संघाने आपल्या उत्सर्जन परवान्यांच्या बाजारात जहाजे आणली. बाहेरून येणाऱ्या फेरीच्या निम्म्या उत्सर्जनाचे परवाने कंपनीला घ्यावे लागतात, त्यांतलेही पहिल्या वर्षी ४० टक्के, नंतर ७० आणि २०२६ च्या उत्सर्जनापासून पूर्ण. म्हणजे सांगलीच्या मालासाठी अरबी समुद्रात निघालेल्या धुराचे पैसे युरोपच्या खात्यात जमा होणार. याला अन्याय म्हणायला मी तयार आहे. पण त्यावरचा उतारा कोणता? एकेका गटाने आपापले नाके उभारण्याऐवजी सर्व समुद्रांसाठी एकच नियम आणि एकच निधी, ज्यातला वाटा विकसनशील देशांच्या बंदरांना आणि इंधनबदलाला मिळेल. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सागरी संघटनेत नेमका असा आराखडा ६३ विरुद्ध १६ मतांनी पुढे सरकला आणि भारताने त्याच्या बाजूने मत दिले. ऑक्टोबरमध्ये तो अंतिम व्हायचा होता. अमेरिकेने पाठिंबा देणाऱ्या देशांना शुल्क आणि व्हिसाबंदीची धमकी दिली, आणि ५७ विरुद्ध ४९ मतांनी निर्णय वर्षभर लांबणीवर पडला. आमच्या बैठकीत ज्यांनी ‘कावा’ म्हणून टाळ्या घेतल्या, त्यांना या लांबणीवर आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तिने फायदा केला तो युरोपच्या एकतर्फी नाक्याचा, कारण जागतिक नियम नसेल तर तो काढून टाका असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

शास्त्राच्या अंगानेही एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. गंधकाचे कण सूर्यप्रकाश परतवतात, समुद्रावरचे ढग अधिक उजळ करतात. २०२० नंतर जहाजांमागे उमटणारे ढगांचे पट्टे विरळ झाले आणि त्यामुळे तापमानवाढीला थोडा हातभार लागला, असे काही संशोधकांचे म्हणणे आहे. हातभार किती, यावर मतभेद आहेत. दिशा मात्र खरी आहे. तेव्हा धूर चांगला होता म्हणायचे का? गंधकाचे कण हवेत आठवडाभर टिकतात, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके. जे झाकण टिकवायला रोज नवे विष ओतावे लागते आणि ज्याखाली उष्णता साठतच राहते, ते काढायला जितका उशीर तितका चटका मोठा. यातून निघतो तो धडा गंधकासोबत कार्बनही कमी करण्याचा, म्हणजे नियमन अर्ध्यावर न सोडण्याचा.

अर्धवट नियमनाचे उदाहरण तर जहाजांवरच आहे. स्वस्त घाण तेल वापरता यावे म्हणून अनेक मालकांनी धुराड्यात स्क्रबर बसवले. समुद्राचे पाणी मारून गंधक धुवायचे आणि ते आम्लयुक्त पाणी पुन्हा समुद्रात सोडायचे. कागदावर नियम पाळला गेला, हवेतली घाण पाण्यात गेली. सिंगापूरने आपल्या बंदरात अशा उघड्या स्क्रबरवर २०२० पासून बंदी घातली, डेन्मार्कने जुलै २०२५ पासून. हा प्रकार मला ओळखीचा वाटला, कारण लहानपणी आमच्या गच्चीवर गळीत हंगामात जवळच्या एका साखर कारखान्याच्या चिमणीची काजळी पडायची. वाळत घातलेले धोतर संध्याकाळी झटकले की काळे ठिपके पसरायचे. पुढे बॉयलरला पाण्याचा स्क्रबर बसला, धोतरे पांढरी राहू लागली आणि गाव खूश झाले. ते काळे पाणी कुठे जाते, हे ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांनी विचारेपर्यंत आणखी काही हंगाम गेले.

मंद गतीने जहाज चालवा, इंधन वाचेल, हा एक सोपा उपाय सांगितला जातो. इंजिनाला लागणारी ताकद वेगाच्या जवळजवळ घनाने वाढते, म्हणून वेग दहा टक्के कमी केला तर फेरीचे इंधन अठरा-एकोणीस टक्के वाचते. कोळशाला, लोखंडाला हे ठीक आहे. शून्य अंशाजवळ ठेवलेल्या आणि सल्फर पॅडच्या, म्हणजे पेटीतल्या बुरशी रोखणाऱ्या गंधकाच्या कागदाच्या, जिवावर तगलेल्या द्राक्षाला प्रत्येक दिवस मोजावा लागतो. नाशवंत मालासाठी वेगळी वाट मागणे हे आपले रास्त भांडण आहे आणि ते भांडायला आधी नियम मान्य करावा लागतो. जे नियमच नाकारतात त्यांना सवलतीच्या चर्चेला कोण बोलावणार?

बैठक संपल्यावर मी एका ओळखीच्या निर्यातदाराकडून मागच्या हंगामातल्या एका कंटेनरचे भाडेबिल पाहायला मागितले. त्यांनी ते मोबाइलवर दाखवले. त्यात मूळ भाडे होते, इंधन अधिभार होता, दोन्ही टोकांचा बंदर हाताळणी खर्च होता, आफ्रिकेच्या वळशाचा जादा आकार होता आणि शेवटून तिसऱ्या ओळीत उत्सर्जन अधिभार होता. तो १३ टनांवर वाटला तर किलोला रुपयाच्याही आत येत होता. त्याच कंटेनरमध्ये माल असलेले, सभेत कावा म्हणणारे ते ज्येष्ठ बागायतदार शेजारीच उभे होते. हे बिल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. मग त्यांनी खिशातून घडी केलेली आपली पट्टी काढली, चष्मा चढवला आणि अधिभाराची ओळ शोधू लागले. तशी ओळ तिथे नव्हतीच. हमाली, पॅकिंग, शीतगृह यांच्या खाली एवढेच लिहिले होते: इतर खर्च, किलोमागे चार रुपये.